चिठ्ठ्या टाकून वाटलेले बेट

प्रिन्स एडवर्ड आयलंड हा कॅनडाचा सर्वांत लहान प्रांत. सेंट लॉरेन्सच्या आखातातील या चंद्रकोरीसारख्या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ५,६६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडेसे जास्त. माती लाल, जमीन सपाट आणि कसदार. खाणी नाहीत, मोठ्या नद्या नाहीत. जी काही संपत्ती ती शेतजमिनीत, आणि भोवतालच्या समुद्रातल्या मासळीत. त्यामुळे जमीन कोणाची, हा एकच प्रश्न शंभरावर वर्षे इथल्या राजकारणाच्या मुळाशी राहिला. इथली गव्हर्नरांची भांडणे, निवडणुका, पक्ष, आंदोलने, अगदी कॅनडाच्या संघराज्यात जायचे की नाही हा निर्णयसुद्धा या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

बेटाचे मूळ रहिवासी मिकमाक लोक. फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए १५३४ मध्ये या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने इथल्या जमिनीची तोंड भरून स्तुती केली. पण त्यानंतर जवळजवळ दोन शतके फ्रान्सने बेटाकडे फारसे पाहिले नाही. १७१३ च्या उट्रेख्ट तहात अकेडिया या फ्रेंच वसाहतीचा मुख्य भूभाग ब्रिटनकडे गेला, तेव्हा कुठे हातात उरलेल्या बेटांची किंमत फ्रान्सला कळली. शेजारच्या केप ब्रेटन बेटावर लुईबर्गचा किल्ला उभा राहू लागला आणि १७२० मध्ये या बेटावर, आजच्या शार्लटटाउनच्या बंदरापलीकडे, पोर्ट-ला-जॉय ही वसाहत वसली. फ्रेंच या बेटाला इल सां-जाँ म्हणत. लुईबर्गच्या शिबंदीला धान्य आणि मांस पुरवणे हे या बेटाचे काम. ते त्याला कधीच नीट जमले नाही, कारण काही वर्षांच्या अंतराने उंदरांच्या धाडी येत आणि उभे पीक फस्त करून जात.

१७५५ मध्ये ब्रिटिशांनी नोव्हा स्कोशियातील फ्रेंचभाषक अकेडियन शेतकऱ्यांना हाकलायला सुरुवात केली. जे निसटले त्यांतले बरेच या बेटावर आले आणि वस्ती काही हजारांवर गेली. हा आसरा तीन वर्षेच टिकला. जुलै १७५८ मध्ये लुईबर्ग पडले आणि लॉर्ड रोलो या अधिकाऱ्याला बेट रिकामे करण्याचा हुकूम मिळाला. सुमारे ३,००० माणसे जहाजांत भरून फ्रान्सकडे रवाना झाली. त्यांतली ‘ड्यूक विल्यम’ आणि ‘व्हायोलेट’ ही जहाजे त्या वर्षीच्या डिसेंबरात अटलांटिकमध्ये बुडाली. शेकडो माणसे, कित्येक तर कुटुंबेच्या कुटुंबे, समुद्रात गेली. जहाजांवरच्या रोगराईत आणखी मेली ती वेगळीच. बेटाच्या पश्चिमेकडील रानात दडून राहिलेल्या थोड्या घरांनी आपली भाषा तिथे टिकवली. आजच्या अकेडियन वस्त्यांचे मूळ त्यांच्यात आणि पुढे परत आलेल्यांत आहे.

१७६३ च्या पॅरिस तहाने बेट कायमचे ब्रिटिशांकडे आले आणि काही काळासाठी नोव्हा स्कोशियाला जोडले गेले. मिकमाकांनी ब्रिटिशांशी मैत्रीचे तहनामे केले होते, पण त्यांपैकी एकातही त्यांनी जमीन सोडून दिलेली नाही. वाटणी करताना हे कोणी ध्यानात घेतले नाही. सॅम्युएल हॉलंड या सर्वेक्षकाने १७६४-६५ मध्ये बेटाची मोजणी केली. त्याने तीन काउंट्या पाडल्या आणि सगळ्या जमिनीचे प्रत्येकी सुमारे २०,००० एकरांचे ६७ तुकडे केले. या तुकड्यांना ‘लॉट’ म्हणत आणि ते नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखले जात. हॉलंडचे काम इतके नेटके होते की त्याने आखलेल्या सीमा आजच्या नकाशावरही दिसतात.

पुढची पायरी मात्र वसाहतींच्या इतिहासात क्वचितच घडली असेल अशी आहे. बेटावर हक्क सांगणारे बडे लोक लंडनमध्ये पुष्कळ होते. अर्ल ऑफ एग्मंटने तर अख्खे बेटच मागितले होते. त्यावर किल्ले, सरदार आणि त्यांचे मांडलिक अशी मध्ययुगीन व्यवस्था उभारण्याची त्याची योजना होती. ती फेटाळली गेली. अर्जदारांतून निवड करण्याऐवजी लंडनमधील सरकारी व्यापार मंडळाने २३ जुलै १७६७ रोजी चिठ्ठ्या टाकल्या आणि एका दिवसात जवळपास सगळे बेट वाटून मोकळे झाले. एक लॉट सरकारने राखला, दोन मासेमारीच्या व्यापाऱ्यांना आधीच कबूल झाले होते. बाकीचे लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, व्यापारी आणि दरबारात वशिला असलेल्या मंडळींच्या पदरात पडले. त्यांतल्या बहुतेकांनी बेट कधी पाहिले नव्हते आणि पुढेही पाहिले नाही.

देणगीला अटी होत्या. मालकाने दहा वर्षांत दर २०० एकरांमागे एक माणूस वसवायचा, तोही ब्रिटनमधून न आणता युरोपातील परदेशी प्रॉटेस्टंटांतून किंवा अमेरिकेतील वसाहतींतून. शिवाय दर १०० एकरांमागे २ ते ६ शिलिंग ‘क्विट रेंट’ नावाची जमीनपट्टी राजाला भरायची. अटी मोडल्या तर जमीन सरकारजमा. जवळजवळ कोणीच अटी पाळल्या नाहीत आणि सरकारने जमीनही परत घेतली नाही. पुढच्या शंभर वर्षांचे सारे भांडण या दोन गोष्टींतून निघाले.

जमीनदारांनी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. बेटाला नोव्हा स्कोशियापासून वेगळे करा, प्रशासनाचा खर्च आमच्या जमीनपट्टीतून भागेल, असे त्यांनी लंडनला सांगितले. त्यानुसार १७६९ मध्ये वेगळी वसाहत झाली आणि वॉल्टर पॅटरसन हा पहिला गव्हर्नर १७७० मध्ये येऊन पोहोचला. पट्टी आली नाही; अधिकाऱ्यांचे पगार थकले. अखेर १७७७ पासून हा खर्च ब्रिटिश संसदेने उचलला. मूठभर लोकवस्तीला स्वतंत्र सरकार मिळाले ते असे, न भरलेल्या कराच्या भरवशावर.

पहिली असेंब्ली जुलै १७७३ मध्ये भरली. सदस्य १८, सभागृह म्हणजे शार्लटटाउनमधली एक खानावळवजा दारूची जागा. हे असले कसले पार्लमेंट, अशा अर्थाचे शिवराळ उद्गार दाराशी उभ्या असलेल्या चोपदारानेच काढले आणि सभागृहाने त्याला ५ शिलिंग दंड केला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १७७५ मध्ये, अमेरिकी खासगी लढाऊ जहाजांनी शार्लटटाउन लुटले आणि पॅटरसनच्या गैरहजेरीत कारभार पाहणाऱ्या फिलिप्स कॉलबेकला पकडून नेले. जॉर्ज वॉशिंग्टनला हा आचरटपणा पसंत पडला नाही आणि त्याने कैद्यांना सोडून दिले.

पॅटरसनने १७८१ मध्ये थकबाकीदार जमीनदारांचे काही लॉट लिलावात काढले. हेतू कायद्याला धरून होता, पण लिलावात बोली लावणारे बहुतेक त्याचेच अधिकारी होते आणि तो स्वतःही. लंडनमधल्या मालकांनी गिल्ला केला, मंत्र्यांचे कान भरले आणि पॅटरसनला परत बोलावण्यात आले. त्याच्या जागी १७८६ च्या नोव्हेंबरात एडमंड फॅनिंग आला. पॅटरसनने खुर्ची सोडायला नकार दिला, आणि त्या हिवाळ्यात बेटाला दोन गव्हर्नर होते. या प्रकरणातून बेटाने जो धडा घेतला तो साधा होता. जमीनदारांचा खरा किल्ला बेटावर नव्हता, लंडनमधल्या दिवाणखान्यांत होता. तिथे त्यांचे वजन असेपर्यंत असेंब्लीने काहीही ठरवले तरी त्याला शिक्का मिळत नसे.

लोक येत राहिले ते जमीनदारांपेक्षा स्वतःच्या गरजेपोटी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले कॅथलिक १७७२ मध्ये ग्लेनालाडेलच्या जॉन मॅकडोनल्डच्या योजनेतून आले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर राजनिष्ठ निर्वासितांना इथे जमिनीचे आमिष दाखवण्यात आले. त्यांनी झाडे तोडली, घरे बांधली. मालकीचे कागद मात्र बहुतेकांना मिळाले नाहीत आणि अनेकजण कंटाळून निघून गेले. १८०३ मध्ये लॉर्ड सेल्कर्कने सुमारे ८०० स्कॉटिश लोक तीन जहाजांतून आणून वसवले. दिलेला शब्द पाळणाऱ्या मोजक्या मालकांत त्याची गणना होते. पुढे आयर्लंडहूनही मोठी भरती झाली. १७९९ मध्ये बेटाला आजचे नाव मिळाले, ते हॅलिफॅक्सला सेनापती असलेल्या राजपुत्र एडवर्डवरून. हा व्हिक्टोरिया राणीचा बाप. त्याने बेटावर कधी पाऊल ठेवले नाही, म्हणजे त्या बाबतीत तो इथल्या जमीनदारांच्या पंगतीतलाच.

आलेला माणूस कूळ होत असे. नेहमीचा भाडेपट्टा ९९९ वर्षांचा आणि खंड सामान्यतः एकरी १ शिलिंग. ऐकायला ही रक्कम फार वाटत नाही. पण जमीन म्हणजे घनदाट जंगल असे. ते तोडून पेरणीजोगे रान करण्यात एक पिढी खर्ची पडे आणि खंड मात्र थोड्याच वर्षांत पूर्ण दराने सुरू होई. रोख पैसा दुर्मीळ होता. थकबाकी साचली की जमीनदाराचा गुमास्ता जप्ती आणी आणि कुळाने घातलेली सगळी मेहनत पट्ट्यासकट जाई. अमेरिकेत किंवा शेजारच्या वसाहतींत स्वतःची जमीन मिळू शकते, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे इथले कूळपण अधिकच बोचत असे.

‘अटी मोडल्या, तेव्हा जमिनी सरकारजमा करा आणि कसणाऱ्यांना द्या’ ही मागणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होती. एस्चीट या कायद्याच्या शब्दावरून तिला एस्चीट चळवळ म्हणत. १८०६ मध्ये निघालेल्या ‘लॉयल इलेक्टर्स’ या संघटनेला राजकीय पक्षाचे पहिले रूप म्हणता येईल. चार्ल्स डग्लस स्मिथ हा गव्हर्नर १८१३ मध्ये आला आणि त्याने असेंब्ली बोलावणेच टाळले. १८२३ मध्ये त्याने थकलेली जमीनपट्टी अचानक सक्तीने वसूल करायला घेतली तेव्हा तिन्ही काउंट्यांत सभा भरल्या. जॉन स्टुअर्ट हा बेटावरील राजकारणी तक्रारींचे अर्ज घेऊन अटक चुकवून लंडनला पोहोचला आणि १८२४ मध्ये स्मिथची उचलबांगडी झाली. या विजयात कुळांचा वाटा होता, पण फायदा त्यांच्यापेक्षा जमीनवाल्यांचाच झाला.

चळवळीला खरा पुढारी मिळाला तो विल्यम कूपर. गंमत म्हणजे हा माणूस मुळात लॉर्ड जेम्स टाउनशेंड या जमीनदाराचा गुमास्ता. १८२९ मध्ये नोकरी गेली आणि दोन वर्षांत तो कुळांच्या मतांवर असेंब्लीत पोहोचला. त्याचा युक्तिवाद कायदेशीर होता: मालकांनी करार मोडला, तेव्हा त्यांचा हक्कच उरला नाही. डिसेंबर १८३६ मध्ये हे रिव्हर येथील सभेत खंड न देण्याचा ठराव झाला. माफी मागायला नकार दिल्यामुळे असेंब्लीने कूपर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना सार्जंटच्या ताब्यात ठेवले. मतदारांनी १८३८ मध्ये उत्तर दिले: २४ पैकी १८ जागा एस्चीटवाल्यांना. कूपर सभापती झाला आणि पुढच्या वर्षी कैफियत घेऊन लंडनला गेला. वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेलने त्याला भेटही दिली नाही. लोकांनी निवडलेल्या बहुमताला लंडनपुढे किंमत नाही, हे त्या न झालेल्या भेटीने कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट केले. १८४२ मध्ये एस्चीटवाले हरले. कूपर पुढे स्वतः बांधलेल्या जहाजातून कुटुंबासह कॅलिफोर्नियाला गेला आणि काही काळाने एकटाच परतला.

एस्चीटचा पराभव झाला तरी प्रश्न जिवंत राहिला. फक्त मार्ग बदलला. जमीन काढून घेता येत नसेल तर विकत घ्यावी, आणि त्यासाठी आधी सरकार आपल्या हाती यावे, असे नव्या सुधारकांना वाटू लागले. दरम्यान धर्माची तेढही वाढत होती. कॅथलिकांना मताचा आणि निवडून येण्याचा हक्क १८३० मध्येच मिळाला होता. तरी मार्च १८४७ मध्ये बेलफास्ट गावी पोटनिवडणुकीच्या मतदानात आयरिश कॅथलिक आणि स्कॉटिश प्रॉटेस्टंट लाठ्याकाठ्या घेऊन भिडले आणि माणसे मेली. १८५१ मध्ये बेटाला जबाबदार शासनपद्धती मिळाली, म्हणजे मंत्रिमंडळ असेंब्लीला उत्तरदायी झाले. दारू गाळण्याच्या धंद्यात पैसा केलेला जॉर्ज कोल्स पहिला प्रीमियर झाला.

कोल्सचे सरकार हे या सगळ्या कहाणीतले सर्वांत कर्तबगार सरकार म्हणावे लागेल. १८५२ च्या मोफत शिक्षण कायद्याने शिक्षकांचे पगार जमिनीवरच्या करातून निघू लागले. ब्रिटिश उत्तर अमेरिकेत असा कायदा करणाऱ्या पहिल्या वसाहतींपैकी ही एक. १८५३ मध्ये मताधिकार जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांना खुला झाला. त्याच वर्षीच्या जमीन खरेदी कायद्याने सरकारला राजीखुशीने विकणाऱ्या मालकांकडून जमीन घेऊन कुळांना विकता येऊ लागली. पहिलीच मोठी खरेदी मात्र वादात सापडली. वॉरेल घराण्याची मालमत्ता विल्यम हेन्री पोप या वकिलाने आणि त्याच्या भागीदारांनी आधी स्वस्तात उचलली आणि १८५४ मध्ये भरपूर नफा घेऊन सरकारच्या गळ्यात मारली. १८६० मध्ये सेल्कर्कच्या वारसांची जमीन माफक किमतीत मिळाली. पण विकायची इच्छाच नसलेल्यांचे काय, याला कायद्यात उत्तर नव्हते.

त्यासाठी १८६० मध्ये तीन सदस्यांचा आयोग नेमला गेला. न्यू ब्रन्सविकचा जॉन हॅमिल्टन ग्रे अध्यक्ष, कुळांच्या बाजूने नोव्हा स्कोशियाचा जोसेफ हाऊ, जमीनदारांच्या बाजूने जॉन विल्यम रिची. तिघांनी बेटभर फिरून साक्षी घेतल्या आणि एकमताने सांगितले की ब्रिटिश सरकारने एक लाख पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी आणि कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क असावा. निवाडा मानण्याची तयारी आधी दोन्ही बाजूंनी दाखवली होती. निकाल विरुद्ध जाताच जमीनदारांनी हात वर केले आणि वसाहतमंत्री ड्यूक ऑफ न्यूकॅसलने अहवाल बासनात बांधला.

सनदशीर वाटा संपल्या असे वाटलेल्या कुळांनी मे १८६४ मध्ये टेनंट लीग स्थापन केली. खंड द्यायचा नाही आणि ज्याच्यावर जप्ती येईल त्याच्या पाठीशी सगळ्यांनी उभे राहायचे, ही तिची शपथ. शेरीफ गावात शिरला की पत्र्याचे कर्णे वाजत आणि शेताशेतांतून माणसे धावत येत. १७ मार्च १८६५ रोजी लीगने शार्लटटाउनमधून मिरवणूक काढली. उपशेरीफने सॅम्युएल फ्लेचर नावाच्या कुळाला पकडायचा प्रयत्न केला, जमावाने त्याला सोडवले, आणि नंतर त्याच्या शोधात गेलेली शेरीफची तुकडी रिकाम्या हाती परतली. ऑगस्टमध्ये हॅलिफॅक्सहून लष्कर आणावे लागले. लीग मोडली, पण धसका राहिला. जहाजमालक सॅम्युएल क्युनार्डच्या वारसांनी १८६६ मध्ये आपली दोन लाखांहून अधिक एकर जमीन सरकारला विकून टाकली.

याच धामधुमीत, १ सप्टेंबर १८६४ रोजी, शार्लटटाउनमध्ये ती परिषद भरली जिच्यामुळे हे शहर आज कॅनडाचे जन्मस्थान म्हणून मिरवते. मुळात चर्चा फक्त नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि हे बेट या तीन किनारी वसाहतींच्या एकीकरणाची होती. तेव्हाच्या कॅनडा वसाहतीचे प्रतिनिधी आगंतुक म्हणून आले. गावात कित्येक वर्षांनी सर्कस आलेली, हॉटेले भरलेली. जॉन ए. मॅकडोनल्ड, जॉर्ज-एतिएन कार्तिए, जॉर्ज ब्राउन यांच्यासारख्या कॅनडाच्या पुढाऱ्यांना घ्यायला तोच विल्यम हेन्री पोप, आता वसाहतीचा सचिव, एका साध्या होडीतून त्यांच्या आगबोटीपर्यंत गेला. परिषदेत बेटाचा प्रीमियर म्हणून बसलेल्याचे नावही जॉन हॅमिल्टन ग्रे, आणि न्यू ब्रन्सविकचा आयोगवाला ग्रेसुद्धा हजर. अभ्यासकांची आजही या दोघांत गल्लत होते. मेजवान्या झाल्या, शॅम्पेन उघडली गेली, संघराज्याची कल्पना सर्वांना आवडली.

बेटाला ती पुढच्याच महिन्यात नावडती झाली. क्वेबेकच्या बैठकीत लोकसंख्येच्या प्रमाणात बेटाला ५ जागा देऊ केल्या. बेटाच्या प्रतिनिधींना किमान ६ हव्या होत्या. जमीनदारांच्या जमिनी विकत घेण्यासाठी पैसा मागितला, तोही ठरावांत आला नाही. मग संघराज्यात जाऊन मिळवायचे काय? १८६६ मध्ये असेंब्लीने कोणत्याही अटींवर सामील न होण्याचा ठराव केला, त्याच वर्षी आलेला ८ लाख डॉलरचा प्रस्ताव नाकारला आणि १८६९ मधील सुधारित अटीही परत पाठवल्या. १ जुलै १८६७ ला कॅनडा जन्मला तेव्हा त्याचे ‘जन्मस्थान’ त्याच्या बाहेर होते.

बेटाला आत ढकलले ते रेल्वेने. १८७१ मध्ये प्रीमियर जेम्स कॉलेज पोपच्या सरकारने बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोहमार्ग बांधायला घेतला. कंत्राटदाराला मैलामागे ५,००० पौंड ठरले, एकूण मैल किती ते ठरले नाही. साहजिकच मार्ग प्रत्येक टेकडीला वळसा घालत, प्रत्येक पुढाऱ्याच्या गावाला शिवत लांबत गेला. दोन वर्षांत तिजोरी खडखडाट, कर्जरोखे कोणी घेईना, बँका अडचणीत. फेब्रुवारी १८७३ मध्ये नवा प्रीमियर रॉबर्ट हेथॉर्न आणि डेव्हिड लेअर्ड ओटावाला जाऊन अटी घेऊन आले. निवडणुकीत पोपने ‘मी याहून चांगल्या आणतो’ म्हणत सत्ता परत मिळवली आणि खरोखरच थोड्या चांगल्या आणल्या. रेल्वेचा भार कॅनडाने उचलला, जमीन खरेदीसाठी ८ लाख डॉलरपर्यंत रक्कम कबूल केली, उन्हाळा-हिवाळा चालणारी आगबोट सेवा आणि संसदेत ६ जागा देण्याचे मान्य केले. १ जुलै १८७३ रोजी बेट सातवा प्रांत झाले. त्या महिन्यात आलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिनने पंतप्रधान मॅकडोनल्डला कळवले की कॅनडाच आपल्याला जोडला गेला, अशा थाटात इथले लोक वावरत आहेत. हाच डफरिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले ते त्याच्याच कारकिर्दीत.

पैसा हाती आल्यावर १८७५ मध्ये सक्तीचा जमीन खरेदी कायदा झाला. ५०० एकरांहून अधिक जमीन खंडाने लावणाऱ्या मालकाला ती विकणे भाग पडले आणि किंमत ठरवायला ह्यू चिल्डर्स या ब्रिटिश राजकारण्याच्या अध्यक्षतेखाली तिघांचे न्यायासन बसले. शार्लट सुलिव्हन या बड्या जमीनदारणीने कायद्यालाच आव्हान दिले. नुकत्याच स्थापन झालेल्या कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये, आपल्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी एकात, तिच्या विरोधात कौल दिला. पुढच्या दोन दशकांत बहुतेक कुळे हप्त्याहप्त्याने मालक झाली. मिकमाकांना मात्र या हिशेबात जागा नव्हती. लेनॉक्स आयलंड हे त्यांचे छोटे बेट १८७० मध्ये लंडनच्या एका मूलनिवासी संरक्षण संस्थेने विकत घेऊन त्यांना दिले, म्हणजे त्यांच्याच भूमीतला तुकडा त्यांच्यासाठी पैसे मोजून घ्यावा लागला.

जमिनीची छाप राज्यघटनेवरही उरली. १८९३ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाची दोन सभागृहे एक झाली, पण प्रत्येक मतदारसंघातून दोन सदस्य निवडायचे आणि त्यांतल्या एकासाठी मत फक्त मालमत्ताधारकांनी द्यायचे, अशी तडजोड झाली. ही अट १९६३ पर्यंत राहिली आणि दोन सदस्यांची पद्धत १९९६ पर्यंत. ओटावातल्या ६ जागा लोकसंख्या घटल्याने ४ वर आल्या. त्याखाली जाऊ नयेत म्हणून १९१५ मध्ये घटनादुरुस्ती करून घेण्यात आली. आणि परगावच्या मालकांची धास्ती तर विसाव्या शतकातही गेली नाही. १९८२ च्या कायद्याने बेटावर एका व्यक्तीला १,००० आणि कंपनीला ३,००० एकरांपेक्षा जास्त जमीन धारण करता येत नाही.